पान नऊ, ओळ सहावी

सोमवार, १७ फेब्रुवारी २०१४

एक ओळ अडली आहे. एकच! सकाळपासून तिच्यापुढे बसलेय.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात माझे मार्गदर्शक उर्साकी सर यांच्या प्रमेयाचा पुरावा जसाच्या तसा मांडायचा, एवढंच काम होतं. डोकं नाही, नुसता हात चालवायचा. चौदा पानं. पहिली आठ झरझर झाली. नवव्या पानावर, वरून सहावी ओळ — 'आता हे स्पष्टच आहे की प्रत्येक पापुद्र्याला भोक नाही.'

मला नाही स्पष्ट!

कोद्रुत्साला वाचून दाखवलं. ती माझ्याबरोबर राहते, संख्याशास्त्रात डॉक्टरेट करते, आणि भूमितीवाल्यांना वेडे समजते. म्हणाली, "स्पष्ट आहे असं लिहिलंय, तुला दिसत नाही. म्हणजे तू ढ आहेस. हे मात्र स्पष्ट आहे."

बाहेर सगळ्या याश शहरात बर्फाचा चिखल झालाय. ट्राम बंद. चालत गेले, चालत आले.


बुधवार, १९ फेब्रुवारी

अजून नाही.

आईचा फोन. काय अडलंय म्हणून विचारत होती. आई रडौत्सला शिवणकाम करते. सपाट कापड चुणी घातल्याशिवाय खांद्यावर बसत नाही, हे तिला माझ्या आधी तीस वर्षं माहीत आहे. तेव्हा सांगून पाहिलं. म्हटलं, आई, समज एक वाकडातिकडा पृष्ठभाग आहे. त्यावर मुंगी. मुंगीनं कुठेही वळायचं नाही, नाकासमोर चालायचं. ती झाली सरळ वाट. सरांनी १९७९ साली दाखवलं की कांद्यासारखं एकावर एक पापुद्र्यांचं, अमुक चार अटी पाळणारं अवकाश घेतलं, तर त्यातल्या कुठल्याही पापुद्र्यावर एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला अशी सरळ वाट एकच असते. एकच!

"मग पस्तीस वर्षांनी तू काय करतेयस?"

त्याच्यावर पुढचं, म्हटलं.

"म्हणजे त्यांचा पाया आणि तुझा मजला."

हो. अगदी तसंच.


शनिवार, १ मार्च

सर विभागात सकाळीच आले होते. दरवर्षीसारखेच — कोटाच्या खिशात लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्त्सिशोरं, वसंताची शकुनचिन्हं, भरून. विभागातल्या प्रत्येक बाईच्या कोटाला स्वतः एक-एक अडकवतात. आधी झाडणारीला, मग कारकून बाईंना, मग आम्हाला. सत्तरीला आलेला माणूस, टाचणी लावायला वेळ लागतो. पण कुणाची मदत घेत नाहीत.

"इलिन्का, तिसरं प्रकरण कुठवर आलं?"

"चाललंय, सर."

खोटं बोलले. दुसऱ्याच्याच नवव्या पानावर अडकलेय हे कसं सांगणार? त्यांनीच लिहिलेलं पान! मला कळत नसेल तर दोष माझाच असणार. असंच वाटतंय. सध्या.


गुरुवार, ६ मार्च

कोद्रुत्सानं बेकरीतून गरम कोव्रीग आणले, तीळ लावलेले कड्याच्या आकाराचे पाव. एक हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

सरांचं म्हणणं काय? मोठ्या अवकाशाला भोक नाही, म्हणून त्याच्या आतल्या पापुद्र्यालाही भोक नाही. आणि माझ्या हातात कडं! समजा, कणकेचा भरीव गोळा आहे. त्याला कुठेही भोक नाही. पण त्या गोळ्याच्या आत मी कोव्रीगच्या आकाराचा पृष्ठभाग कल्पू शकतेच की! त्याला भोक आहे. आणि कड्यावर एका जागेवरून दुसऱ्या जागी नाकासमोर जायचं तर वाटा कितीतरी. डावीकडून जा, उजवीकडून जा, दोन वेढे घालून जा.

पेननं कोव्रीगवर वाटा काढल्या.

"खायचं असतं ते, बाई!" कोद्रुत्सा ओरडली.

अर्थात असं झटकन नाही म्हणता येणार. सरांच्या अटी आहेत. माझं कडं त्या पाळतं का, ते बघायला हवं. बहुतेक पाळत नसेलच. सर एवढे अडाणी थोडेच आहेत!


सोमवार, २४ मार्च

पाळतं.

जवळजवळ तीन आठवडे लागले. तीनदा तपासलं, दोनदा वेगळ्या मार्गानं. प्रमेयात अटी चार. पण त्या सहाव्या ओळीपर्यंत सरांनी तीनच वापरल्यात. चौथी — शेजारचे पापुद्रे सगळीकडे सारख्या अंतरावर हवेत आणि कुठेही आक्रसून संपायला नकोत — ती थेट शेवटच्या पानावर येते, तीही एका किरकोळ हिशेबापुरती. माझं कडं पहिल्या तिन्ही पाळतं. चौथी नाही पाळत. म्हणजे मी प्रमेय खोटं पाडलं असं नाही. पण पुरावा पान नऊवर तुटला. ती ओळ चूक आहे. प्रमेय खरं असेलही, नसेलही. आता ते कुणालाच माहीत नाही.

आनंद व्हायला हवा होता ना? लोकांना होतो. मी खुर्चीवर बसून राहिले. मग भांडी घासली. सगळी, कोद्रुत्साचीसुद्धा.

तिसरं प्रकरण, चौथं प्रकरण — तीन वर्षं — सगळं त्या ओळीवर उभं आहे.


मंगळवार, २५ मार्च

कोद्रुत्साला सांगितलं. तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग — "आधी डॉक्टर हो. मग खरं बोल."


शुक्रवार, २८ मार्च

चोर्नेईनं जिन्यात गाठलं. तो आमचा व्याख्याता, सरांचाच जुना विद्यार्थी. ३० मेला सरांच्या सत्तरीनिमित्त सभा आहे, तिची सगळी धावपळ त्याच्या गळ्यात. क्लुझहून माणसं येणार, देब्रेत्सेनहून, ब्रनोहून.

"तुझं तीस मिनिटांचं व्याख्यान. 'उर्साकी प्रमेयाची पस्तीस वर्षं.' छापायला दिलंय."

"मला विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? त्यांची शेवटची विद्यार्थिनी तू. गोड बोल. सर पहिल्या रांगेत असतील."

बरं म्हणाले. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.


बुधवार, २ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

इतके दिवस छायाप्रतीवर काम करत होते. आज वाटलं, मूळ छापील अंक बघावा. कदाचित छायाप्रतीत एखादी ओळ सुटली असेल! (ही आशा किती वेडी होती ते लिहिताना कळतंय.) ग्रंथालयाच्या झेनोव्हिया बाईंनी तळघरातून काढून दिला. पान नऊ. ओळ सुटलेली नव्हती. पण तिच्या शेजारी समासात, अगदी बारीक, पेन्सिलीनं —

'का?'

बस्स, एवढंच. आणि प्रश्नचिन्हाखाली कागद किंचित फाटलेला. पेन्सिल दाबली होती कुणीतरी.

शेवटच्या पानाला जुनं कार्ड चिकटवलेलं. पस्तीस वर्षांत नेणारी माणसं सहा. चौघं माहितीतली, त्यात चोर्नेई. एक सर स्वतः. सहावं नाव — स्तेलियाना आपेत्रेई, फेब्रुवारी १९८७. तिच्या सहीतला काना आणि समासातला काना एकच. वर जाऊन खाली लोंबणारा.

"ही कोण, झेनोव्हिया बाई?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, स्तेलियाना! त्या टेबलाशी बसायची. उर्साकी सरांचा जीव की प्राण. म्हणायचे, ही मला मागे टाकणार. आणि एक दिवस पुस्तकं परत केली, माझ्या गालाची पापी घेतली आणि गेली. हर्लाऊला शाळेत शिकवते अजून. भाची आहे माझी तिकडे, तिच्या मुलांना स्तेलियानाच गणित शिकवते."

"सोडून का गेली?"

"मला कोण सांगतंय! मी पुस्तकं देते."


शनिवार, ५ एप्रिल

सरांना विचारलं. कडं, पान नऊ, काही नाही. फक्त नाव घेतलं.

सरांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी न पिता खाली ठेवला. "तुला हे नाव कुठे मिळालं?"

"ग्रंथालयाच्या कार्डावर."

उठून खिडकीशी गेले. खाली बागेत काही नव्हतं, तरी बघत राहिले. "माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत हुशार. सोडून गेली. कारण सांगितलं नाही."

मला पटलं नाही. मुळीच नाही! तिला चूक दिसली होती, हे मी स्वतः वाचलंय. दिसली म्हणजे ती सरांकडे गेली असणार. गेली म्हणजे त्यांनी तिला गप्प बसवलं असणार. त्या काळात प्राध्यापकानं मनावर घेतलं तर माणूस संपायचा. आणि आता खिडकीशी उभं राहून दुःखी चेहरा!

तीन वर्षं मी या माणसाला देव मानत आलेय.


शनिवार, १२ एप्रिल

हर्लाऊला जाऊन आले. बसनं दोन तास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षवेलींची छाटणी चाललेली.

घर शाळेच्या मागेच. दार उघडलं ते पन्नाशीतल्या, आखूड केसांच्या, बाह्या वर सारलेल्या बाईंनी. मी नाव सांगितलं, उर्साकी सरांची विद्यार्थिनी म्हटलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "जेवलीस का?" ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, घोटलेला घेवडा, वर तळलेला कांदा, आणि पाव. टेबलावर सातवीच्या वह्यांचा ढीग. तो बाजूला सारला आणि ताट ठेवलं.

मला घास जाईना. सरळ बोलून टाकलं. "बाई, १९८७ मध्ये तुम्ही पान नऊवर 'का?' लिहिलंत."

त्या पाव कापत होत्या. कापतच राहिल्या. "लिहिलं होतं का? पुसायचं राहिलं म्हणायचं."

"मग तुम्ही सरांना सांगितलंत. आणि त्यांनी तुम्हाला गप्प बसवलं."

सुरी खाली ठेवली. "हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मला वाटलं... म्हणजे, स्पष्टच आहे ना —"

"वा गं वा! त्यांच्यावर चिडून आलीस आणि स्वतः तेच करतेस? पुढची पायरी न बघता स्पष्ट आहे म्हणतेस?"

माझे कान तापले. अजून लिहिताना तापतायत.

मग शांतपणे म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलंच नाही, पोरी."

पदवीनंतर सरकारनं त्यांची नेमणूक हर्लाऊच्या शाळेत केली होती. त्या काळी जिथे पाठवतील तिथे जावं लागायचं. सुट्टीला बसनं येऊन त्या ग्रंथालयात बसायच्या. त्यांना विद्यापीठात परत आणायला सर वर्षभर एकेका कचेरीचे उंबरे झिजवत होते. त्यातच सरांची स्वतःची बढती अडलेली. टपून बसलेले दोघे-तिघे होतेच.

"तो माणूस माझ्यासाठी कुणाकुणापुढे टोपी काढून उभा राहतोय, आणि मी जाऊन सांगू की तुमचं सगळं काम पान नऊवर मोडतं? बातमी बाहेर गेली असती तर त्यांना उचलून फेकलं असतं. म्हणून गप्प बसले. पण गप्प बसून त्याच्यावरच पुढचं काम कसं करायचं? चुकीवर चढवायचं नाही आणि खरं बोलायचं नाही — मग उरतं काय? शाळा उरते."

"आणि नंतर? नव्वदनंतर तर कम्युनिस्ट राजवटच गेली होती!"

"पहिलं वर्ष गप्प बसणं जड जातं. दुसरं तेवढं नाही. दहावं तर कळतच नाही."

मी माझं कडं दाखवलं. चार पानं. त्यांनी हात पुसून घेतली, उभ्यानंच वाचली. चेहऱ्यावरची सातवी ब कुठल्या कुठे गेली. "मला दोन गोळे चिकटवून केलेलं काहीतरी बेढब सापडलं होतं. हे देखणं आहे."

"पस्तावलात?"

"छे. मुलांना शिकवायला आवडतं मला." वह्यांचा ढीग पुन्हा जागेवर ओढला, कडा जुळवल्या. मग त्याच आवाजात — "हो."

निघताना दारात म्हणाल्या, "सांगायचं तर लवकर सांग. आणि माझं नाव घेऊ नकोस."

बसमध्ये एकच डोक्यात. सरांशी गेला आठवडाभर मी धड बोललेही नाही. त्यांनी काहीच केलेलं नव्हतं!


रविवार, २० एप्रिल. ईस्टर

रडौत्सला. लाल अंडी, कोकराचं मटण, आईचा गोड पाव. आईनं अंड्यावर अंडं आपटून माझं फोडलं आणि जिंकल्याचा आनंद शेजाऱ्यांपर्यंत पोचवला. तिला म्हटलं, बुधवारी सरांना सांगणार आहे की त्यांचा पाया तडकलाय.

"आणि तुझा मजला?"

"जाणार."

"बरं. मी आहे." इतकंच बोलून कोकरू कापायला घेतलं.


बुधवार, २३ एप्रिल

सांगितलं.

सकाळी दहाला. सरांच्या खोलीत. पानं पुढे ठेवली आणि म्हटलं, "सर, पान नऊ, ओळ सहावी. मला वाटतं चूक आहे." आवाज बरा होता.

त्यांनी चष्मा बदलला. वाचायला लागले. चाळीस मिनिटं. मध्ये एकदा कारकून बाई डोकावल्या, सरांनी वर न बघता हात केला. तिसऱ्या पानावर पेन्सिल घेतली, समासात काहीतरी मोजलं, खोडलं, पुन्हा मोजलं. मग पेन्सिल ठेवली.

"तीनच अटी वापरल्यात मी."

"हो, सर."

"तिघा जाणकारांनी तपासलं होतं हे. मी स्वतः किती वेळा शिकवलंय!" चष्मा काढून ठेवला. "लिहिलं तेव्हा मला ते खरंच स्पष्ट दिसत होतं, इलिन्का. समोर टेबल दिसावं तसं. लबाडी नव्हती."

"माहीत आहे, सर."

"हे कडं कसं सुचलं?"

कोव्रीगचं सांगितलं. हसले! खरंच हसले, खांदे हलवून. मला रडू यायला लागलं होतं, ते तसंच राहिलं.

मग त्यांनी विचारलं, "हे तू पहिल्यांदा पाहिलंस?"

बाईंनी नाव घेऊ नकोस म्हटलं होतं. गप्प बसले. खोटं 'हो' तोंडातून निघेना.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग बघणं माझ्यावरून सरकून मागच्या भिंतीवर गेलं. त्यांना जसं गणित उलगडतं तसं — पायरी, पायरी, पायरी. तुला हे नाव कुठे मिळालं, ग्रंथालयाचं कार्ड, तो अंक.

"सत्त्याऐंशी," ते हळूच म्हणाले.

मी टेबलावरची पेन्सिल सरळ केली.

"मी तिला तीन पत्रं लिहिली होती. उत्तर नाही आलं. वाटलं, माझ्या वागण्यात काही चुकलं असेल. कधी रागावून बोललो असेन. सत्तावीस वर्षं आठवून आठवून शोधलं." पानांवर हात ठेवला. "वागण्यात शोधत बसलो. पान नऊ उघडलं नाही."

निघताना म्हणाले, "तुझं तिसरं प्रकरण गेलं ना?"

"चौथंसुद्धा."

"मग उद्यापासून इथेच बसत जा. बघू काय वाचवता येतं."


मंगळवार, ६ मे

रोज दहा ते दोन. सर फळ्याशी, मी टेबलाशी. चौथी अट आधीच वापरून भोक बुजवता येतं का, ते बघतोय. पहिला प्रयत्न — अकरा पानांचा हिशेब — आज कोसळला. एक चिन्ह चुकलं होतं. सर म्हणाले, "चला, जेवू या." लुक्रेत्सिया बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दोघांसाठी डबा दिला होता. कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेली सारमाले. मला चार, सरांना दोन. डॉक्टरांनी त्यांना जास्त खायला बंदी केली आहे; म्हणून माझ्यातली एक पळवली.


शुक्रवार, १६ मे

दुसराही गेला.


गुरुवार, २२ मे

तिसरा अर्ध्यावर. सर दमलेत. मीही. पण गंमत — तीन वर्षांत जेवढी भूमिती शिकले नाही तेवढी या महिन्यात शिकले. सर चुकतात, खोडतात, डोकं खाजवतात. मला वाटायचं, त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

चोर्नेईला कळलं. सरांनीच सांगितलं त्याला. तो मला दाराआड घेऊन — "सभा आठवड्यावर आलीय! निदान त्यांचा वाढदिवस तरी जाऊ द्यायचा होतास. माणुसकी म्हणून!" तो वाईट नाही. त्याच्याही दोन निबंधांत ती ओळ आहे.


शुक्रवार, ३० मे

झाली सभा.

सकाळी सर म्हणाले, "व्याख्यान तुझंच. मथळा तेवढा मी बदलून घेतलाय." फळ्यावर खडूनं लिहिलं होतं — 'उर्साकी प्रमेय: एक अपुरा पुरावा'. खाली माझं नाव.

साठ माणसं. मी कडं काढलं. तीन अटी एकेक करून तपासल्या. पाचव्या मिनिटाला सभेत खुर्च्यांची करकर थांबली. विसाव्याला देब्रेत्सेनच्या पाहुण्यांनी वही काढली. मी पहिल्या रांगेकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. सर पाय पसरून, हात पोटावर ठेवून ऐकत होते, चांगलं व्याख्यान ऐकावं तसं.

मग उठले. हल्ली घेतात ती काठी न घेता.

"ही चूक माझी आहे. पस्तीस वर्षं जुनी. दोघींनी पाहिली. एकीनं या वर्षी, आणि दुसरीनं सत्तावीस वर्षांपूर्वी. दुसरीचं नाव मी घेणार नाही, तिला विचारलेलं नाही. पण तिला ते मला सांगता आलं नाही, आणि माझ्या सगळ्या चुकांत ही मोठी."

क्लुझच्या एका बाईंनी विचारलं, "मग प्रमेय खोटं आहे का?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "काल-परवापर्यंत माहीत आहे असं वाटत होतं. आता माहीत नाही."

केक कापला. लुक्रेत्सिया बाईंनी मला मोठा तुकडा दिला आणि दंड दाबला.


सोमवार, २ जून

सरांनी हर्लाऊला जाडजूड पाकीट पाठवलं. माझ्याकडून तिचा आताचा पत्ता मागून घेतला. आत आमचे तिन्ही फसलेले प्रयत्न आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी मला दाखवली: 'स्तेलियाना, पान नऊबद्दल तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्याकडे नाही. त्रायान उर्साकी.'

"आणखी काही लिहायचं नाही का, सर?"

"आणखी लिहिलं तर तिला उत्तर द्यावं लागेल."


मंगळवार, १० जून

प्रबंध मागे घेतला. कारकून बाईंनी अर्जावर शिक्का मारला आणि "काय गं हे" म्हणाल्या. दोनच प्रकरणं उरली, त्यातलं एक दुसऱ्याच्या चुकलेल्या पुराव्याबद्दल. मुदत वाढवून मिळेल, पण कशावर लिहू? आईनं रडौत्सच्या शाळेत चौकशी केली आहे. सप्टेंबरपासून गणिताची जागा आहे. वाईट नाही वाटत. लिंडनची झाडं फुललीयत, सगळं याश शहर मधासारखं घमघमतंय. खिडकी उघडी टाकून दुपारभर झोपले. किती महिन्यांनी!


शनिवार, १४ जून

शाळेला हो कळवायचा मसुदा केला. सोमवारी टाकेन.


सोमवार, १६ जून

विभागात माझ्या नावानं पाकीट. हर्लाऊचा शिक्का. आत शाळेच्या चौकटीच्या वहीची दोन पानं. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. आम्ही महिनाभर हिशेबात बुडालो होतो, बाईंनी एक चित्र काढलंय. पापुद्र्याला भोक असेल तर चौथ्या अटीमुळे ते शेजारच्या पापुद्र्यालाही असणार, त्याच्या शेजारच्यालाही — आणि पापुद्रा कुठेच आक्रसून संपत नाही, त्यामुळे ते भोक बुजायला जागाच नाही. म्हणजे भोक अख्ख्या अवकाशाला पडेल. आणि अवकाशाला तर ते नाही! सहावी ओळ लागतच नाही. कुठेही 'स्पष्ट आहे' असं लिहिलेलं नाही, प्रत्येक पायरी सातवीतल्या मुलाला सांगावी तशी.

सात वेळा वाचलं. एकेका शब्दापुढे 'का?' म्हणत. चूक नाही.

प्रमेय खरं आहे! पुरावा बाईंचा आहे. तळाशी, त्याच लोंबत्या अक्षरात — 'उशीर झाला. स्ते. आ.'

सरांना फोन लावतेय.